ट्रकावरचा माळा

कान्हा आज कुठे झोपला असेल, ही काळजी चंद्रकलाला सहा वर्षं रोज रात्री लागायची. आज ती काळजी नव्हती. दिवेलागणीलाच त्याचा फोन आला होता. "आये, शहापूरला हाय. टायर बसला. हायवेच्या कडेला ढाब्यामागं गाडी लावलीय, सकाळी टायर बदलून येतो. वरच झोपतो."

वर म्हणजे ट्रकाच्या हौद्यात बांधलेल्या माळ्यावर. जागा तिला माहीत होती, फळीची लांबी-रुंदीसुद्धा बोटांवर पाठ होती, कारण ती तिनेच मापली होती. दुसऱ्या आयांना पोराला नीट झोप लागेल ना याची काळजी असते. चंद्रकलाला काळजी होती ती त्याला झोप लागल्यावर त्याच्या जवळ कोण जाईल याची.

तिने गळ्यावरचा पदर सारखा केला. गळ्यावरचे चार बोटांचे वळ आता निळ्याचे हिरवट झाले होते.

टोकावड्यापासून आत तीन किलोमीटरवर त्यांचा पाडा. पंचवीस उंबरे, उताराची शेती, खाली भात, वर नाचणी आणि वरई. चंद्रकला या पाड्यातली शिकलेली बाई. कल्याणला मावशीकडे राहून तिने बी.ए. केलं, मग लग्न करून इथे आली आणि अंगणवाडी सांभाळू लागली. नवरा बुधाजी वारघडे सातवी शिकलेला, पण रान वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कान्हा त्यांचा एकुलता एक.

नाचणी पिकायला लागली की डुकरं उतरतात. मग वावरात चार खांबांवर माळा उभारायचा, वर बांबूच्या कामट्यांची ताटी, ताटीवर पेंढा. माळ्यावरून बांधाबांधाने दोरी न्यायची, दोरीला पत्र्याचे डबे आणि डब्यांत खडे. दोरीचं दुसरं टोक झोपणाऱ्याच्या मनगटाला. डुकराचा धक्का दोरीला लागला की डबे वाजतात आणि मनगटाला हिसका बसतो. अख्ख्या पाड्याची राखणीची हीच रीत. बुधाजीने कान्ह्याला दहाव्या वर्षी माळ्यावर नेलं आणि शिकवलं, "दोरी हालली का इचार नाय कराचा. आधी हात, मंग डोळे. डोळे उघडस्तवर डुक्कर पोटात शिरतो."

त्र्याण्णव साली ऐन कापणीच्या तोंडावर ताटीच्या दोन कामट्या मोडल्या. बुधाजीच्या पाठीत त्या टोचायला लागल्या. दोन रात्री त्याने काढल्या, तिसऱ्या रात्री म्हणाला, "तू वर नीज, मी खाली गंजीवर पडतो. मऊ हाय." बारा वर्षांचा कान्हा दोरी मनगटाला बांधून वर झोपला. डुक्कर दोरीच्या बाजूने आलंच नाही. ते ओढ्याकडून आलं.

चंद्रकला उजाडताना भाकर घेऊन गेली तेव्हा तिला आधी आवाज ऐकू आला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा, थांबून थांबून. बुधाजी गंजीला टेकून बसल्यासारखा दिसत होता, आणि मांडीपासून बेंबीपर्यंत तो उघडा होता. त्याच्यापुढे सुळेवाला डुक्कर आडवा पडलेला, आणि कान्हा त्याच्या उरावर बसून कोयता घालत होता. डुक्कर केव्हाच मेला होता. मुंडकं कातडीच्या एका पट्ट्यावर लोंबत होतं. पोराच्या तोंडावर, दातांवर रक्त. तिने "कान्हा, कान्हा" करून हाका मारल्या, तो थांबेना. पुढे होऊन हात धरायला गेली तर कोयता तिच्या बाजूला फिरला आणि लुगड्याचा पदर कापत गेला. मग तिला काय सुचलं कोण जाणे, ती चार पावलं मागे सरली आणि अंगणवाडीत हजेरी घ्यावी तशी ओरडली, "कान्हा बुधाजी वारघडे!"

पोराने कोयता टाकला आणि म्हणाला, "हजर."

त्या दिवसापासून घरात नियम झाला. झोपलेल्या कान्ह्याला हात लावायचा नाही. उंबऱ्यात उभं राहून पूर्ण नावाने हाक मारायची. तो "हजर" म्हणाला की मगच आत जायचं. पाड्यातली पोरं त्याला चिडवायची, "हजर आला रे!" त्याने त्यांतल्या एकाचा कान दाताने तोडला, मग चिडवणं बंद झालं.

चंद्रकलाला वाटलं होतं, पोरगा शिकेल, मास्तर होईल, निदान एस.टी.त चिकटेल. तो दहावीला दोनदा बसला आणि नव्व्याण्णव साली शहापूरच्या एका शेठच्या ट्रकावर गेला. पेंढा, भाजी, विटा, मिळेल तो माल. माळशेज चढून आळेफाट्यापर्यंत, कधी नगरपर्यंत. गाडीत तो एकटाच. दुसऱ्या कुणासोबत झोपायची वेळ त्याला यायला नको होती, आणि का नको होती ते शेठलाही ठाऊक होतं.

मग प्रश्न आला झोपेचा. गाडी चालवणं त्याला एका महिन्यात आलं, गाडीत झोपणं यायला चार वर्षं गेली.

पहिल्यांदा तो केबिनमध्ये झोपायचा. त्या गाडीचं इंजिन दोन सीटांच्या मधोमध, बंद केल्यावरही तव्यासारखं तापलेलं. कान्हा बापासारखा उंच, पाय पसरले की खिडकीच्या बाहेर जायचे. तसेच बाहेर काढून तो झोपायचा. नगरच्या अलीकडे एके ठिकाणी डिझेलचोरांनी त्या पायांना सोलाचा, जाड दोराचा फास घातला आणि दोघांनी मिळून ओढलं. तो खिडकीतून पाठीवर बाहेर आला आणि तोंड पायदानावर आपटलं. तीन दात तिथेच पडले. त्यांनी टाकी रिकामी केली, जाताना एकाने त्याच्या बोटांवर टाच देऊन बिडी पेटवली. घरी आला तेव्हा त्याचं बोलणं चंद्रकलाला कळेचना, सगळे शब्द फटीतून वारा जावा तसे निघून जात होते.

"बाहेर पाय नको काढू रे," ती म्हणाली.

"मंग काय कापून ठेवू?"

दुसऱ्या उन्हाळ्यात तो गाडीखाली झोपायला लागला. चासीला पोत्याची झोळी बांधायची आणि जमिनीपासून वीतभर उंच लोंबकळायचं. गार, वाऱ्याची जागा. डोळखांबकडचा एक ड्रायव्हर, त्याचा नेहमीचा सोबती, शेजारच्या गाडीखाली जमिनीवरच गोणपाट टाकून पडायचा. झोळीत त्याची कंबर धरायची म्हणे. घाटाखालच्या उतारावर एकदा त्याच्या चाकाखालचा दगड निसटला. मागचं चाक त्याच्या छातीवरून सावकाश गेलं, पुढच्या दगडाला अडून थांबलं, आणि परत मागे आलं. कान्हा हातभर अंतरावर झोळीत होता. "आये, त्यानं माझ्याकडं बघितलं," एवढंच तो घरी सांगायचा. पुढचं सांगायचा नाही. पण त्यानंतर महिनाभर पिकलेलं कलिंगड कापलं तरी तो उठून बाहेर जायचा.

मग टप. केबिनच्या टपावरच्या कॅरिअरमध्ये ताडपत्री अंथरून, झोपेत गडगडून खाली जाऊ नये म्हणून स्वतःला कमरेला दोरीने बांधून. ते सर्वांत वाईट ठरलं. दोन हजार दोनच्या दिवाळीआधी आळेफाट्याच्या पुढे चार जण काठ्या घेऊन चढले. बांधलेल्या माणसाला सुटता येईना. शेळी खुंट्याला बांधून मारावी तसं त्यांनी त्याला सवडीने मारलं. एकाने दमला म्हणून काठी दुसऱ्याकडे दिली. तीन बरगड्या, डाव्या हाताचं हाड, आणि कानाचा पडदा. उजव्या कानाने ऐकू येतं, डाव्या कानाने तेव्हापासून काही नाही.

ती दिवाळी कान्ह्याने ओटीवर पालथं पडून काढली. शेजारची भागी फराळाचं घेऊन आली आणि त्याची पाठ बघून ताट तिथेच ठेवून रडत परत गेली. चंद्रकला मात्र रडली नाही. तिला राग आला होता, आणि राग आला की ती हिशेबी व्हायची. माणूस मऊ जागा बघून, गार जागा बघून झोपला की मरतो, हे तिने एकदा पाहिलं होतं. जागा अशी हवी की पाठ टेकेल, पाय पसरेल, आणि कुणी येण्याआधी कळेल.

"तुला माळाच पाहिजे," ती म्हणाली.

"ट्रकावर?"

"ट्रकावर. तुला दुसरीकडं कुठं झोप लागते?"

ती शिंप्याची टेप घेऊन शहापूरला गेली, हौद्यात चढली, माप घेतलं. केबिनच्या मागे, हौद्याच्या दोन्ही फळ्यांवर टेकेल अशी आडवी सागाची ताटी सुताराकडून करून घेतली, मालाच्या वर हातभर. कापसाची गादी घामाने कुबट होते, म्हणून गोणपाटाच्या खोळीत पेंढा भरला, दर फेरीला बदलता येईल असा. त्यावर सात पदरी गोधडी. दोन पदर बुधाजीच्या धोतराचे, बाकी तिच्या लुगड्यांचे. ताटी अंगणात मांडून ती स्वतः तिच्यावर आडवी झाली, या कुशीवरून त्या कुशीवर वळून बघितलं, एक पट्टी टोचली ती काढून दुसरी घातली.

भागी कुडावरून बघत होती. "काय गो चंद्रकला, पोराला ट्रक सजवतेस का पाळणा? वर चिमणी पन टांग एखादी!"

"चिमणी नाय, डबे टांगणार हाय," चंद्रकला म्हणाली.

आणि डबे टांगले. ताडपत्रीच्या चारी टोकांतून दोरी ओवली, दोरीला खड्यांचे डबे अडकवले, टोक कान्ह्याच्या मनगटाला. ही कल्पना तिची. कान्हा हसला होता, दात पडलेल्या फटीतून. "आये, तू बापापेक्षा हुशार."

उशाशी त्याने टॉमी ठेवली, चाकाचे नट फिरवायची लोखंडी दांडी.

दोन वर्षं त्याला अशी झोप लागली की तो अंगाने भरला. कसाऱ्याकडे एकदा एकाने ताडपत्री उचकटायला हात घातला. कान्ह्याने घरी येऊन सांगितलं, "डुक्कर आला होता. हात मोडून ग्येला बोंबलत." तो हसला. तीही हसली. त्या हातात काय होतं, चाकू होता की नुसताच हात होता, हे तिने विचारलं नाही. आता रोज विचारते, स्वतःला.

यंदा पौषात शेठने पेंढ्याची गाडी म्हसाच्या जत्रेला पाठवली. म्हसाला बैलांचा मोठा बाजार भरतो. गावोगावचे लोक गाड्या सोडून, ट्रक लावून तिथेच आठ-आठ दिवस राहतात, गाडीवरच रांधतात, गाडीवरच झोपतात. बैलांना वैरण लागते, म्हणून पेंढ्याचा ट्रक एका जागी उभा करायचा आणि पेंढ्या विकत बसायचं. कान्ह्याला ते सुख वाटलं. आठ दिवस स्टिअरिंग नाही, आणि खाली ट्रकभर पेंढा.

पाचव्या दिवशी तो घरी आला. तीन दिवस आधीच. पेंढा निम्मा तसाच होता.

"संपला बाजार?"

"गर्दी नाय यंदा."

गोधडी त्याने पोत्यात कोंबून आणली होती. एका बाजूने ती कडक झाली होती, वाळलेल्या शेणाने सारवल्यासारखी. "एका बैलाचं शिंग मोडलं," तो म्हणाला. "रक्त थांबंना, म्हणून लावली."

चंद्रकलाने गोधडी तीन पाण्यांतून काढली. वरचे पदर निघाले, धोतराचा पदर मात्र तांबूसच राहिला. बुधाजीच्या कपड्यांतून रक्त काढायची ही तिची दुसरी वेळ होती. तेव्हाही निघालं नव्हतं.

आणि मग एका सकाळी अंगणवाडीत गिरजा आली. ती आदल्या महिन्यापर्यंत खालच्या गावात नवऱ्याच्या घरी होती, आता माहेरी पाड्यात येऊन राहिली होती. काखेत दीड वर्षाची पोर. पोरीचं वजन करताना गिरजा सांगत गेली आणि चंद्रकलाचा हात काट्यावर तसाच राहिला.

गिरजाचा नवरा धाऊ म्हसाला बैल विकायला गेला होता. डोळखांबकडच्या सुनिलने त्याचा बैल घेतला, आणि संध्याकाळी परत आणला. बैल जू ठेवलं की बसतो म्हणाला. धाऊ म्हणाला, बैल बसत नाही, तुला हाकता येत नाही. भर बाजारात सुनिलने त्याच्या मुस्काटात दिली. धाऊ म्हणाला, "उद्या बघतो तुला." एवढंच म्हणाला, शंभर माणसांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात सुनिल चहाच्या पालामागे पडलेला सापडला. डोकं डाव्या बाजूने आत गेलेलं.

"लोकांनी यांना झोपेतून उपसला," गिरजा म्हणाली. "बैलाच्या चाबकाच्या दांड्यांनी मारला, बाई. जबडा मोडला. दोन बोटं दगडावर ठेवून ठेचली, का तर याच हातानं मारला म्हणून. मंग पोलिसांनी उचलला. हे सांगून दमले का मी नाय म्हणून. जबडा मोडल्याला माणूस, काय बोलतो ते कुणाला कळंना."

"आणि सुनिल?"

"जित्ता हाय. उजवं अंग ग्येलं. बोलत नाय. नुसती लाळ गळते म्हनं."

त्या दिवशी चंद्रकलाने गिरजाच्या पोरीला खिचडी दोनदा वाढली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

घरी आली तर कान्हा ओटीवर झोपलेला. भर दुपार, अंगावर तीच गोधडी, तांबूस पदर वर आलेला. चंद्रकला उंबऱ्यात थांबली नाही. बारा वर्षांचा नियम तिने त्या दिवशी मोडला. विसरून मोडला की मुद्दाम, हे ती आजही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. ती वाकली आणि तिने गोधडीचं टोक ओढलं.

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. डोकं जमिनीवर आपटल्याचा आवाज. गळ्याभोवती पोराचा पंजा. त्याचे डोळे उघडे होते आणि त्यांत कुणीच नव्हतं. दुसरा हात उशाशी टॉमी चाचपत होता, टॉमी नेमकी अंगणात राहिली होती. तिला हाक मारता येईना, गळाच त्याच्या हातात. तिने टाच घासली, भिंतीशी ठेवलेला पितळी तांब्या लाथेने उडवला. तो घरंगळत, वाजत अंगणात गेला. त्या आवाजाला त्याची मान वळली, हात सैल झाला, आणि उरलेल्या श्वासात ती म्हणाली, "कान्हा बुधाजी..."

"हजर," तो म्हणाला. मग त्याने आपल्या हाताखाली काय आहे ते पाहिलं.

तो मागे मागे सरकत भिंतीपर्यंत गेला. चंद्रकला खोकत उठून बसली.

"सुनिलला तू मारलंस," ती म्हणाली.

"त्यानं ताडपत्री वढली, आये. दुसरे बैल घेतले होते त्यानं, वैरण पाहिजे होती. दोन पेंढ्या मागाय आला होता पहाटचा. हाक मारली असंल. मी या अंगावर झोपलो होतो, उजवा कान खाली. डबे वाजले, दोरी हालली." तो स्वतःच्या मनगटाकडे बघत होता. "आधी हात. मंग डोळे. डोळे उघडले तर मानूस. हातात पैसं होतं त्याच्या, सुटं. पेंढीचं."

"मग?"

"गोधडी डोक्याला गुंडाळली. पालामागं नेऊन ठेवला, म्हनलं चहावाला उठंल, बघंल. चहावाल्याची चाहूल लागली तशी मी गोधडी काढून घेतली आन गाडी काढली."

"त्या धाऊला लोकांनी मारलं. बोटं ठेचली त्याची. गिरजाचा नवरा तो, आपल्या पाड्यातल्या पोरीचा."

"ठाव हाय."

"ठाऊक आहे?"

"मी गाडी काढत होतो तवा मारतच होते त्याला. आरशात दिसत होतं."

चंद्रकलाने तेव्हा त्याच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा, जागेपणी, समोरून. त्याने गाल पुढेच ठेवला, म्हणून तिने दुसऱ्यांदा मारली नाही.

"पोलिसांत चल. मी येते."

"मी गेलो तर सुनिलचे भाऊ मला कापतील. नाय कापलं तर मी कोठडीत झोपणार कसा? आठ मानसांत? रात्री कुणाचा पाय लागला तर? आये, मी अजून एक मारीन." तो उठला. "तू कुणाला बोललीस तर माळशेजच्या वळनावरून गाडी खाली घालीन. तुझ्या गळ्याची आन." आणि तो गेला. गोधडी घेतली नाही.

ही गोष्ट आठ दिवसांपूर्वीची. आठ दिवस चंद्रकलाने पदर गळ्याभोवती घेऊन पोरांना बाराखडी शिकवली. भागीने विचारलं, "पडसं झालां का गो?" तिने हो म्हटलं. मनाशी ती रोज एकेक दिवस पुढे ढकलत होती. धाऊ तुरुंगात आहे, म्हणजे जिवंत आहे. सुनिल बोलायला लागला तर आपोआपच कळेल. पोराने घातलेली शपथ तिला खरी वाटत होती. कान्हा खोटी धमकी देणारा नव्हता, त्याला तेवढं बोलताच यायचं नाही.

आज दुपारी गिरजा पुन्हा आली. खिचडीचा डबा तिने पुढे केला नाही, पोर जमिनीवर सोडली आणि स्वतः चंद्रकलासमोर बसली.

"उद्या अकराला जामीन हाय यांचा," ती म्हणाली. "वकील म्हनतो सुटतील."

"बरं झालं की."

"काय बरं! सुनिलचे तिघं भाऊ कोर्टाभायेर येणार हायत. कोयते पाजवून ठेवलेत. आमच्या दीराला निरोप धाडला त्यांनी, म्हनं मढ्याच्या अंगाला लावाय हळद आना. बाई, तुमी शिकलेल्या. जामीन नको म्हनून अर्ज करता येतो का? आत हायत तवर जित्ते तरी हायत."

चंद्रकलाकडे अर्ज लिहून घ्यायला लोक नेहमी यायचे. रेशनकार्ड, दाखला, विहिरीचा गाळ. तिने सवयीने रजिस्टरमधून कागद फाडला, पेनाचं टोपण काढलं, आणि "विनंती अर्ज" एवढं लिहून तिचा हात थांबला. गिरजाची पोर तिच्या पदराला धरून उभी राहायला बघत होती. पदर सरकला. गिरजाची नजर तिच्या गळ्यावर गेली. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. कुणा आंधळ्यालाही वाचता आलं असतं.

"ह्ये कुनी केलं, बाई?"

"पडले," चंद्रकला म्हणाली.

गिरजाने वाद घातला नाही. मार खाल्लेल्या बायका एकमेकींना जास्त विचारत नाहीत. तिने पोर उचलली, तो अर्धा कागद घडी करून कनवटीला लावला आणि गेली.

आता सगळा पाडा निजला होता. फोन कोनाड्यात होता, कान्ह्यानेच गेल्या वर्षी बसवून घेतलेला, आईला आपला ठावठिकाणा कळावा म्हणून. त्याच्याशेजारी अंगणवाडीचं रजिस्टर. पुठ्ठ्यावर तिच्याच अक्षरात नंबर लिहिलेले: दवाखाना, पंचायत, पोलीस ठाणे. कान्ह्याचा मोबाईल तिला पाठ होता.

तिने आधी कान्ह्याचाच नंबर फिरवायला घेतला. पाच आकडे दाबून थांबली. काय सांगणार होती? तो म्हणणार, आये, झोप तू. किंवा काहीच म्हणणार नाही आणि गाडी चालू करील, आणि शहापूरहून माळशेज काही लांब नाही. पण टायर बसला आहे, हे तिला त्याच क्षणी आठवलं. आज रात्री गाडी हलत नाही. सकाळी नवा टायर चढला की ती हलेल, आणि अकरा वाजता कोर्टाबाहेर तीन कोयते उभे असतील.

बुधाजी गेला त्या रात्री दोरी ओढ्याच्या बाजूला लावली नव्हती. डुक्कर तिकडून कधी येत नाही, असं सगळेच समजत होते. ट्रकावर तिने चारी बाजूंनी दोरी लावली, एक बाजू मोकळी ठेवली नाही, आणि या दोरीला हात लावणारा माणूसही असू शकतो हे तिच्या बी.ए. डोक्यात एकदाही आलं नाही. वावरातली दोरी तिने रस्त्यावर नेऊन बांधली होती. सुनिल दोन पेंढ्या मागायला आला होता.

तिने पाच आकडे खोडल्यासारखा फोन खाली ठेवला. गोधडी कोनाड्याखाली घडी करून ठेवली होती, ती उचलून एका स्वच्छ पिशवीत घातली. ती लागेल, ती दाखवावी लागेल. पिशवीचं तोंड बांधताना गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

मग तिने रजिस्टर दिव्याजवळ ओढलं आणि पोलीस ठाण्याचा नंबर मोठ्याने वाचला. काय बोलायचं ते ती जुळवू लागली. आधी स्वतःचं नाव, पूर्ण. मग धाऊचं, की तो निर्दोष आहे आणि उद्या कोर्टाबाहेर त्याला कोण अडवणार आहे. मग कान्ह्याचं. गाडीचा नंबर, शहापूरचा हायवे, ढाब्यामागे. आणि हे सगळं झाल्यावर, फोन ठेवायच्या आधी, त्यांच्याकडून दोनदा वदवून घ्यायचं की तो झोपलेला असेल, वर, ताडपत्रीखाली; दोरीला कुणी हात लावायचा नाही, शिडीवर कुणी चढायचं नाही, त्याच्या अंगाला कुणी शिवायचं नाही. दहा पावलांवर उभं राहायचं, उजव्या बाजूला, कारण डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. आणि पूर्ण नावाने हाक मारायची. एकदा नाही ऐकली तर परत मारायची. तो "हजर" म्हणेपर्यंत थांबायचं. कोठडीतही हाच नियम पाळायचा, एकटा ठेवायचा, हेही सांगायचं.

एवढं सांगितलं तर दोन्हीकडची माणसं वाचतील. कान्हा तिला माफ करणार नाही, ते नंतरचं.

तिने गळ्यावरचा पदर काढून बाजूला ठेवला, फोन उचलला, आणि पहिला आकडा दाबला.